गुणोत्तर, पण कोणत्या महिन्यातलं?

राहनाळमधल्या कुठल्याही गोदामाच्या सुपरवायझरला विचारा. गाळा मिळतो, ट्रक मिळतो, माणूस मात्र टिकत नाही. अंजूरफाट्यापासून काल्हेर-कशेळीपर्यंत आणि अलीकडे पूर्णा, वळच्या बाजूला जी गोदामं उभी राहिली, त्यांच्या मुळाशी मुंबईची जकात होती. महापालिकेच्या हद्दीबाहेर माल उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, असा तो व्यवहार. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं राहिली. ऑनलाइन खरेदीनं पिकिंग-पॅकिंगची कामं वाढवली, आणि या कामावर आलेला मुलगा किती दिवस टिकेल हा ठेकेदाराचा रोजचा घोर झाला. त्याला ठाऊक नसेल, पण हा सर्व्हायव्हल ॲनालिसिसचाच प्रश्न आहे. या शास्त्रात घटना म्हणजे मृत्यूच असावा लागतो असं नाही. काम सोडणं, आजार उलटणं, यंत्र बंद पडणं, जे काही एका क्षणी घडतं आणि ज्याची वाट पाहावी लागते ते सगळं यात बसतं.

समजा एका ठेकेदारानं शंभर जणांना नेहमीच्या पगारावर घेतलं आणि दुसऱ्या शंभर जणांना सांगितलं की तीन महिने भरलेत तर वर बोनस मिळेल. आकडे माझे, हिशोब कळावा म्हणून बांधलेले. पहिल्या गटातून दर महिनाअखेर उरलेल्यांपैकी दहा टक्के सोडून जातात. दुसऱ्या गटातून पहिले तीन महिने फक्त चार टक्के जातात. बोनस हातात पडला की चौथ्या महिन्याअखेर पंचवीस टक्के जातात, आणि पुढे तिथंही दहा टक्क्यांची चाल लागते. चार महिन्यांनी मोजणी केली तर पहिल्या गटात ६६ जण उरलेले, दुसऱ्यातही ६६. कॉक्सच्या मॉडेलमध्ये ‘बोनस: हो की नाही’ एवढा एकच चल टाकला तर हॅझर्ड रेशो ०.८५ ते ०.९ च्या दरम्यान कुठेतरी येतो, आणि दोनशे माणसांच्या विदेत तो १ पेक्षा वेगळा आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. अहवालात लिहिलं जातं: बोनसचा परिणाम आढळला नाही.

प्रत्यक्षात तीन महिने गुणोत्तर ०.४ होतं आणि चौथ्या महिन्यात २.५. बोनसनं माणसं धरून ठेवली, मग एकदम सोडली. शिवाय या चार महिन्यांत दुसऱ्या गटातल्या माणसानं सरासरी दहा दिवस जास्त काम केलं. दिवाळीच्या सेलच्या तोंडावर हे दहा दिवस मिळणार असतील तर ठेकेदार बोनस आनंदानं देईल. ज्याला वर्षभर माणूस हवा आहे, तो देणार नाही. दोघांनाही ०.८७ या आकड्याचा काही उपयोग नाही.

हे पुस्तक या परिस्थितीबद्दल आहे. कॉक्सचं मॉडेल गृहीत धरतं की दोन गटांच्या हॅझर्डचं गुणोत्तर पहिल्या दिवशी जेवढं, तेवढंच शेवटच्या दिवशी. ते तसं नसेल तर काय करायचं? बहुतेक पाठ्यपुस्तकांत या प्रश्नाला प्रकरणाच्या शेवटी दोन पानं मिळतात, आणि त्यांचा सूर साधारण असा असतो की गृहीतक मोडलं, म्हणजे विदा बिघडली, आता दुरुस्ती करा. मला हा सूरच मान्य नाही. गुणोत्तर काळासोबत बदलणं हा विदेचा दोष नव्हे. औषधाला, तपासणीला, बोनसला स्वतःचा काळ असतो आणि तो विदेत उमटलेला असतो. मोडलेली असते ती आपली एका आकड्यात उत्तर मिळण्याची अपेक्षा. म्हणून पुढच्या प्रकरणांत प्रत्येक उपायाच्या आधी एकच विचारणा येते: तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे, आणि कोणत्या काळापुरतं?

हॅझर्ड म्हणजे काय हे इथंच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी गुंतागुंत त्याच्या व्याख्येत आहे. एखाद्या क्षणापर्यंत जे टिकले, त्यांच्यापैकी लगेचच्या छोट्या अवधीत किती जणांच्या बाबतीत घटना घडते, तो दर म्हणजे हॅझर्ड. ‘जे टिकले त्यांच्यापैकी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दर क्षणी छेद बदलतो. आणि ज्यांची घटना आपण पाहिलीच नाही, ते सेन्सॉर झालेले. होळीला किंवा छठला गावी गेलेला मुलगा, ज्याचा फोन आता बंद येतो, तो या सदरात टाकण्याचा मोह होतो. पण तो परत येणार नसेल तर ते सेन्सॉरिंग नव्हे, तीच घटना आहे. राहनाळच्या हजेरीपटावर हा फरक करणं किती अवघड असतं, ते हजेरी लिहिणाऱ्यालाच विचारावं.

डेव्हिड कॉक्स यांचा निबंध १९७२ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. मूळ हॅझर्डचा आकार कसाही असो, तो न शोधताही चलांचे परिणाम काढता येतात, ही त्यातली किमया. ती इतकी सोयीची होती की वैद्यकीय संशोधनानं तिला जवळजवळ एकमेव हत्यार करून टाकलं. त्याच निबंधात कॉक्स यांनी ल्युकेमियाच्या ४२ रुग्णांची विदा घेतली होती. निम्म्यांना ६-मर्कॅप्टोप्युरिन, निम्म्यांना प्लासिबो. आणि गुणोत्तर काढून ते थांबले नाहीत. उपचाराला काळानं गुणून एक जादा पद मॉडेलमध्ये घातलं आणि परिणाम काळासोबत सरकतो आहे का, हे तपासलं. त्या विदेत सरकताना दिसला नाही, पण तपासणी केली गेली. म्हणजे गृहीतक आणि त्यावरची शंका दोन्ही एकाच निबंधात जन्माला आली. पुढच्या पिढ्यांनी गृहीतक घेतलं आणि शंका परिशिष्टात टाकली.

आपल्याकडच्या एका चाचणीवर थोडं थांबतो, कारण या विषयासाठी तिच्यासारखं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणीची मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. गावांचे ५२ समूह चार भागांत वाटले गेले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. एका भागात एकदाच एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीची व्यवस्था. त्या चौथ्या गटावरून पुढे नैतिक वादही झाला आणि तो व्हायलाच हवा होता. निकाल २००९ च्या एप्रिलमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी १२७ जणींना कर्करोगाचं निदान झालं, नियंत्रण गटातल्या ३१,४८८ पैकी ११८ जणींना. प्रमाण काढलं तर दोन्हीकडे जवळपास एकच. एवढंच पाहणारा म्हणेल, तपासणीनं काय केलं? पण एचपीव्ही गटातल्या १२७ पैकी दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यातल्या ३९ होत्या, नियंत्रण गटातल्या ११८ पैकी ८२. कर्करोगानं झालेले मृत्यू ३४ विरुद्ध ६४. मृत्यूचा हॅझर्ड रेशो ०.५२.

आता या प्रक्रियेचा काळ डोळ्यांसमोर आणा. तपासणीच्या दिवसांत त्या गटात निदानांची रांग लागणार, कारण जे लपलेलं होतं ते शोधूनच काढलं जातंय. नियंत्रण गटात त्या वेळी शांतता. पुढच्या वर्षांत उलट व्हायला हवं. कर्करोगपूर्व बदल आधीच काढून टाकलेले, त्यामुळे तपासलेल्या गटात नवी निदानं कमी, आणि न तपासलेल्या गटात रोग लक्षणं घेऊन उशिरा बाहेर येणार. निदानाचं गुणोत्तर आधी १ च्या बरंच वर, मग १ च्या खाली. ते स्थिर असणं या यंत्रणेत शक्यच नाही. मृत्यूंचं वेगळं. तपासणीनं वाचलेली स्त्री एरवी चार-सहा वर्षांनी गेली असती, म्हणून सुरुवातीच्या काळात दोन्ही गटांतले मृत्यू सारखेच दिसणं साहजिक आहे. ०.५२ ही आठ वर्षांची सरासरी. ती पहिल्या दोन वर्षांना लावून एखादा जिल्हा आरोग्य अधिकारी ‘कार्यक्रम चालू होऊन दोन वर्षं झाली, मृत्यू कुठे निम्मे झाले?’ असं विचारू लागला, तर चूक त्याची नाही. त्याला जो आकडा दिला त्यात काळच नव्हता.

मुंबईत १९९८ पासून झालेल्या स्तन तपासणीच्या चाचणीतही हाच पेच आहे. टाटा मेमोरियलच्या इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षं पाठपुरावा केला आणि २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकाल मांडले. स्तनाच्या कर्करोगाचा मृत्युदर एकूण १५ टक्क्यांनी कमी, पण हा फरक संख्याशास्त्रीय निकषावर निसटता. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मात्र ३० टक्क्यांनी कमी, आणि तो ठळक. तिथं कॉक्सचं मॉडेल नव्हतं, दरांची तुलना होती. तरीही वीस वर्षांचा एक दर काढला की पहिली वर्षं आणि शेवटची वर्षं एकाच पातेल्यात शिजतात.

गुणोत्तर बदलण्याची कारणं अनेक, आणि उपाय निवडायच्या आधी कारण ओळखावं लागतं. परिणामालाच उशीर लागणं हे एक कारण झालं. दुसरं कारण जास्त फसवं: ज्यांना आपण एक गट समजतो तो एक नसतोच. फुप्फुसाच्या कर्करोगावरची आयपास ही चाचणी यासाठी प्रसिद्ध आहे. २००९ मध्ये तिचे निकाल आले. पूर्व आशियातले १,२१७ रुग्ण, एका बाजूला जेफिटिनिब, दुसऱ्या बाजूला नेहमीची केमोथेरपी. रोग पुढे सरकण्यापर्यंतच्या काळाचे आलेख एकमेकांना छेदून गेले. आधी केमोथेरपी वर, मग जेफिटिनिब. मध्यक काळ दोन्हीकडे जवळपास सारखा, ५.७ आणि ५.८ महिने. बारा महिन्यांनी मात्र जेफिटिनिब गटात रोग न वाढलेले २५ टक्के, केमोथेरपी गटात ७ टक्के. एकूण हॅझर्ड रेशो ०.७४. ईजीएफआर जनुकात उत्परिवर्तन असलेले आणि नसलेले रुग्ण वेगळे काढले तेव्हा कोडं उलगडलं. असलेल्यांत रेशो ०.४८, नसलेल्यांत २.८५. एकाच औषधानं एका प्रकारच्या रुग्णाचं भलं केलं आणि दुसऱ्याचं नुकसान, आणि दोघांची सरासरी ०.७४ म्हणून छापली गेली. आलेख एकमेकांना छेदतायत हे पाहून कुणी नुसतं काळानुसार बदलणारं गुणांक-पद घातलं असतं तर विदेबरोबर मॉडेल सुंदर जुळलं असतं आणि खरी गोष्ट हुकली असती. म्हणून या पुस्तकात पहिली पायरी कायम हीच आहे: राहून गेलेला चल शोधा. वयाचा परिणाम सरळ रेषेत नसताना सरळ रेषेत बसवला, तरी तपासणीत गृहीतक मोडल्यासारखं दिसतं. आधी मॉडेल नीट मांडा, मग काळाकडे वळा.

तिसरं कारण घड्याळाचं. राहनाळच्या उदाहरणात वेळ कामावर रुजू झाल्यापासून मोजली. पण माणसं सणासुदीला जातात, मे महिन्यात जातात, पाऊस लागला की जातात. हा हंगाम पंचांगात असतो, रुजू होण्याच्या तारखेत नसतो. दोन गट वेगवेगळ्या महिन्यांत भरती झाले असतील तर हंगामाचा परिणाम नोकरीच्या अवधीत सांडतो आणि गुणोत्तर डोलायला लागतं. साथरोगशास्त्रात अनेकदा चाचणीत दाखल झाल्यापासूनचा काळ सोडून वयालाच घड्याळ केलं की अर्धा त्रास संपतो. हे करून पाहायला काही पैसे पडत नाहीत, तरी फारसं कुणी करत नाही.

चौथं कारण पचायला जड आहे. हॅझर्डच्या व्याख्येतला तो छेद आठवा: जे टिकले त्यांच्यापैकी. एखादा उपचार नाजूक प्रकृतीच्या माणसांना सुरुवातीलाच मारत असेल, तर काही काळानं त्या गटात फक्त काटक लोक उरतात. दुसऱ्या गटात नाजूक अजून आहेत. मग नंतरच्या वर्षांत तोच उपचार संरक्षण देतोय असं भासतं. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या चाचणीत १६,६०८ स्त्रियांवर रजोनिवृत्तीनंतरची संप्रेरकं तपासली जात होती आणि ती जुलै २००२ मध्ये थांबवावी लागली. हृदयविकाराचा एकूण हॅझर्ड रेशो १.२४, पण पहिल्या वर्षाचा १.८१. मिगेल हर्नान यांनी २०१० च्या आपल्या टिपणात याच चाचणीवरून दाखवलं की वर्षावार गुणोत्तरं काढली तरी नंतरच्या वर्षांची गुणोत्तरं या निवडीच्या गाळणीतून आलेली असतात. पाचव्या वर्षी औषध चांगलं वागायला लागलं, असा त्यांचा अर्थ लावता येत नाही. म्हणजे ‘काळाचे तुकडे पाडा आणि प्रत्येकाचा रेशो द्या’ हा माझ्या आवडीचा उपायही सरसकट निर्दोष नाही. पहिल्या तुकड्याचा अर्थ सरळ लागतो, नंतरच्यांचा जपून लावावा लागतो. २०२० मध्ये स्टेन्सरुड आणि हर्नान यांनी आणखी पुढे जाऊन विचारलं की गृहीतक तपासायचंच कशाला? ते मोडलेलंच असणार असं धरून चला आणि टिकण्याच्या शक्यतांची थेट तुलना द्या. मी एवढ्या टोकाला जात नाही. पण रोज संगणकावर कॉक्स मॉडेल चालवणाऱ्या प्रत्येकानं तो लेख एकदा वाचून अस्वस्थ व्हावं असं मला वाटतं.

गृहीतकाच्या तपासणीबद्दल थोडक्यात. शोनफेल्ड यांनी १९८२ मध्ये सुचवलेले अवशेष आणि त्यांवर ग्रॅम्ब्श व थर्नो यांनी १९९४ मध्ये उभारलेली कसोटी हे आजचं नेहमीचं साधन. ‘आर’मध्ये एका ओळीत पी-मूल्य येतं, आणि तिथंच घात होतो. नोंदी प्रचंड असल्या तर गुणोत्तर ०.८० वरून ०.७८ वर गेलं तरी पी-मूल्य इवलंसं येईल. साठ रुग्णांत आलेख एकमेकांना छेदले तरी ते गप्प राहील. काळ जसाच्या तसा घेतला की त्याचा लॉग घेतला, यावरही निकाल हलतो. शेवटी फार उशिरा घडलेली एखाद-दुसरी घटना सगळी रेघ ओढून नेऊ शकते. म्हणून आलेख बघा, त्यातली वळणदार रेघ बघा, ती कुठं सरकते आणि किती सरकते ते बघा. नुसत्या पी-मूल्यावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी हे पुस्तक नाही.

इथं पुण्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाची उभारणी व. शं. हुजूरबाजार यांनी केली. त्याच विभागातले जयंत देशपांडे यांनी आयुष्यमानाच्या विदेवर दीर्घकाळ काम केलं. १९८३ मध्ये बायोमेट्रिका नियतकालिकात आलेली त्यांची कसोटी आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. यंत्र किंवा जीव जुना होत जातो तसा खरंच झिजतो का, हे ती तपासते. १९९५ मध्ये देबाशीष सेनगुप्ता यांच्यासोबत त्यांनी त्याच नियतकालिकात दोन गटांच्या हॅझर्डचं प्रमाण स्थिर आहे या गृहीतकाची कसोटी मांडली. सुधा पुरोहित यांच्यासोबतचं त्यांचं २००५ चं पाठ्यपुस्तक मराठी घरांतून आलेल्या कितीतरी एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी झिजवलं आहे. एका दिशेनं सरकणाऱ्या गुणोत्तरासाठी बांधलेल्या कसोट्या ते वर जाऊन खाली आलं की कमकुवत पडतात, आणि आमचा बोनसवाला गट नेमका तसा आहे. पण प्रश्न धडपणे विचारण्याची रीत त्या परंपरेतच सापडते.

उपायांपैकी स्तरीकरण सगळ्यात स्वस्त. रुग्णालय, रोगाचा टप्पा, लिंग अशा एखाद्या चलानं गृहीतक मोडलं आणि त्याचा परिणाम मोजणं हा आपला हेतू नसेल, तर प्रत्येक स्तराला त्याचा मूळ हॅझर्ड देऊन मोकळं व्हावं. अट एकच: ज्यावर स्तर पाडले त्याचं गुणोत्तर मग मिळत नाही. मुख्य उपचारावरच स्तरीकरण करून ‘गृहीतक सांभाळलं’ असं लिहिलेले प्रबंध मी वाचले आहेत. त्यांत सांभाळायला काही उरलेलंच नसतं.

काळानुसार बदलणाऱ्या गुणांकाचं प्रकरण या पुस्तकातलं सगळ्यात लांब आहे. त्याची विदा ‘आर’च्या सर्व्हायव्हल पॅकेजमध्येच येते. मेयो क्लिनिकच्या टेरी थर्नो यांनी हे पॅकेज घडवलं आणि सांभाळलं. अमेरिकन सैन्यातल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १३७ निवृत्त रुग्णांची ही विदा आहे. कार्नोफ्स्की गुण म्हणजे रुग्ण स्वतःचं किती करू शकतो याचं शंभरापैकी माप. सगळ्या काळाचा एक गुणांक काढला तर हे माप मृत्यूचं भाकीत उत्तम करतं असं वाटतं. पहिल्या नव्वद दिवसांचा तुकडा वेगळा केला की तिथं परिणाम आणखी जोरदार दिसतो, दहा गुण जास्त असले तर हॅझर्ड चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी. त्यानंतरच्या तुकड्यांत तो जवळजवळ शून्य. डॉक्टरला यात नवल वाटत नाही. भरती होताना मोजलेली ताकद सहा महिन्यांनंतरच्या प्रकृतीबद्दल काय सांगणार? तो चल शिळा होतो.

याच प्रकरणात एका घोडचुकीला चौकट दिली आहे. परिणाम काळासोबत बदलतो ना, मग वयाला काळानं गुणा आणि मॉडेलमध्ये टाका, असं सहज सुचतं. पण विदेच्या स्तंभात जो काळ असतो तो त्या माणसाचा शेवटचा काळ असतो. तो गुणाकारात गेला की कोण किती जगणार हे मॉडेलला आधीच कळतं आणि उत्तरं अद्भुत येतात. हवा असतो तो चालू क्षण. चाळिसाव्या दिवशी घटना घडली तर त्या दिवशी जोखमीत असलेल्या प्रत्येकासाठी काळ चाळीस. त्यासाठी विदा सुरुवात-शेवट अशा ओळींत फोडावी लागते किंवा पॅकेजमधली ‘टीटी’ची सोय वापरावी लागते. संगणक या चुकीवर लाल अक्षरात ओरडत नाही, म्हणून ती प्रकाशित लेखांतही सापडते.

मर्यादित सरासरी आयुष्याचा उपाय मला व्यवहारात सगळ्यात पटतो. ठरावीक मुदतीपर्यंतचं आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे त्या मुदतीत सरासरी किती काळ घटनेविना गेला. रॉयस्टन आणि परमार यांनी २०११ पासून त्याचा पाठपुरावा केला. आमच्या गोदामात चार महिन्यांत दहा दिवस, असं जे वर निघालं ते हेच. रुग्णाला सांगता येतं, ठेकेदाराला सांगता येतं, आणि गुणोत्तर स्थिर असो वा नसो, अर्थ बदलत नाही. मुदत मात्र विदा पाहायच्या आधी ठरवायला हवी, नाहीतर जिथं फरक सर्वांत मोठा दिसतो तिथंच ती येऊन थांबते. निव्वळ टक्केवारीनंही कधी काम भागतं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅबचा अगदी कमी, २० मिलिग्रॅमचा डोस तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांना जोडून पाहिला. १५१ रुग्ण. एका वर्षानंतर जिवंत राहण्याचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर. हॅझर्ड रेशो ०.५४५ होता, पण ओपीडीबाहेर बसलेल्या नातेवाइकाला कोणता आकडा समजेल हे वेगळं सांगायला नको.

आलेनचं बेरजेचं मॉडेल, काळ ताणणारी किंवा आखडणारी मॉडेलं, रॉयस्टन-परमार यांची लवचीक मॉडेलं यांना एकेक प्रकरण आहे. ज्यांना गरज असेल त्यांनी ती वाचावीत, बाकीच्यांनी ओलांडली तरी चालेल. भारित लॉग-रँक कसोट्या मी मुद्दाम शेवटी ठेवल्या. उशिरा दिसणाऱ्या फायद्याला जास्त वजन देणारी कसोटी सुरुवातीला मेलेल्यांना कमी मोजते. इम्युनोथेरपीच्या चाचण्यांत ती सोयीची पडते, आणि म्हणूनच तिच्याबद्दल सावध राहावं असं माझं मत. पी-मूल्य सुधारतं, पण रुग्णाला किती आणि कधी फायदा झाला ते त्यातून कळत नाही.

एक विषय सोडला आहे. माणूस गोदाम स्वतःहून सोडतो आणि ठेकेदार त्याला काढून टाकतो, या दोन वेगळ्या घटना आहेत. एक घडली की दुसरी घडण्याची वाट बंद होते. अशा स्पर्धक जोखमींत प्रत्येक कारणाचा हॅझर्ड आणि त्या कारणानं जाणाऱ्यांचं एकूण प्रमाण यांची गुणोत्तरं एकाच वेळी स्थिर राहणं सहसा शक्य नसतं. फाइन आणि ग्रे यांचं १९९९ चं मॉडेल घेतलं तरी हा तिढा राहतोच. तो इथं दोन पानांत उरकला असता तर ज्या पाठ्यपुस्तकांबद्दल वर तक्रार केली त्यांच्याच रांगेत हे पुस्तक बसलं असतं. त्या विषयासाठी हजेरीपटावर काम सोडण्याचं कारण लिहिलेलं असावं लागतं, आणि राहनाळमध्ये जे पट मी पाहिले त्यांत त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘गावी गेला’ एवढंच आहे.

राहनाळ, ता. भिवंडी, जि. ठाणे